मधुमेहींच्या पाककृतींखाली कर्बोदकांचा आकडा छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढी एकादशीच्या आदल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत ‘मधुमेहींसाठी उपवासाचे पदार्थ’ या मथळ्याखाली चार पाककृती छापून आल्या होत्या. साखर न घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगरीची गुळातली खीर, राजगिऱ्याचे लाडू आणि रताळ्याचा कीस. यांपैकी एकाही पदार्थात साखर नव्हती, आणि बहुधा तेवढ्याच कारणाने ते मधुमेहींचे ठरले असावेत. माझ्या यजमानांना गेली सोळा वर्षे टाइप २ मधुमेह आहे, मी स्वतः तीन वर्षांपासून त्याच्या उंबरठ्यावर उभी आहे आणि आमच्या घरचा स्वयंपाक मीच करते. शिवाय तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही खोड मला जडलेली आहे. म्हणून हे पत्र.

त्या एकादशीला मी पुरवणीतलीच खिचडी केली, फक्त प्रत्येक जिन्नस आधी वजनकाट्यावर ठेवला. दोघांना मिळून दीडशे ग्रॅम कोरडा साबुदाणा, एक मध्यम बटाटा आणि मूठभर दाण्याचे कूट. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातून काढलेले जवळजवळ शुद्ध पिष्ट. त्याच्या १०० ग्रॅममध्ये ८७-८८ ग्रॅम कर्बोदके असतात, प्रथिने आणि तंतू नावालाच. म्हणजे प्रत्येकाच्या बशीत साबुदाण्यातून ६५ ग्रॅम आणि बटाटा व दाणे धरून एकंदर ७५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आली. ज्यांनी कधी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करून घेतली आहे त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण मधुमेह आहे की नाही हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत माणसाला पाण्यातून जे ग्लुकोज पाजतात, ते बरोबर ७५ ग्रॅम असते. खिचडीतल्या तुपामुळे आणि दाण्यांमुळे पचन थोडे लांबते, एवढाच काय तो फरक. यजमानांची रक्तातली साखर खाण्यापूर्वी ११८ (दर १०० मिलिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम) होती आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी २४६ झाली. ‘मी तर उपवास केला होता,’ असे ते यंत्राकडे बघत म्हणाले. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे आहेच, पण यजमानांनी दुप्पट काहीच खाल्ले नव्हते, छापलेल्या मापाने एकच बशी खाल्ली होती.

पुढच्या एकादशीला मी माणशी ५० ग्रॅम भगर, वाटीभर शेंगदाण्याची आमटी, दही घातलेली काकडीची कोशिंबीर आणि ताक असा बेत केला. भगरीतून ३३ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आली, आमटी-कोशिंबिरीतून थोडी. साखर १२१ वरून १७२ वर गेली. एका माणसाच्या दोन दिवसांच्या आकड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणते. तरीही दोन्ही दिवस उपवासाचेच होते, दोन्ही दिवस साखरेचा कणही पोटात गेला नव्हता आणि गोळ्या त्याच होत्या, त्यामुळे या तफावतीकडे डोळेझाक करणे मला जमले नाही.

असे का होते, याचे उत्तर नववी-दहावीच्या पुस्तकात सापडते, पण स्वयंपाकघरात शिरताना आपण ते दाराबाहेर ठेवतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब माळ. लाळेतल्या आणि नंतर स्वादुपिंडाच्या पाचकरसातल्या विकरांनी ती तुटते आणि लहान आतड्यातून ग्लुकोज रक्तात उतरते. पोळी, भात, भाकरी, पोहे, बटाटा, साबुदाणा यांपैकी काहीही खाल्ले तरी शेवटी रक्तात येते ते ग्लुकोजच. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी साखर १०० असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते अवघे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. त्या एका चमच्याच्या जागी दोन-तीन तासांत पंधरा चमचे येऊन पडणार असतील, तर ते उचलून स्नायूंत आणि यकृतात पोचवायला इन्सुलिन तितक्याच तत्परतेने हजर व्हावे लागते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड हे काम बिनबोभाट करते. मधुमेहीचे इन्सुलिन कमी पडते किंवा पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि ग्लुकोज रक्तातच ताटकळत राहते. साखर, भाकरी आणि साबुदाणा यांतला फरक ग्लुकोज किती वेगाने आणि किती प्रमाणात येते एवढाच आहे, ते येते की नाही हा नाही.

परंतु आमच्या पिढीच्या मनात पथ्य म्हणजे ‘हे चालते, ते चालत नाही’ अशी यादी घट्ट बसलेली आहे. साखर चालत नाही, गूळ चालतो. भात चालत नाही, भाकरी चालते. आंबा चालत नाही, पण उपवासाचे सगळे चालते. गुळाचा मोठा भाग ऊस ज्यामुळे गोड लागतो त्या सुक्रोजचाच असतो. त्यात थोडे लोह आणि इतर खनिजे असली, तरी चमचाभर गुळाने रक्तातली साखर चमचाभर साखरेइतकीच चढते, आणि गूळ निरुपद्रवी समजून तो एकाऐवजी दोन चमचे घातला जातो. आगीतून फुफाट्यात पडण्याचा हा आमच्या घरातलाही अनुभव आहे. चार वर्षे आम्ही गुळाचा चहा मोठ्या समाधानाने पीत होतो.

भाकरीविषयी लिहिताना मात्र मला जपून लिहायला हवे, कारण मी सांगलीची आहे आणि इथे ज्वारीच्या विरुद्ध बोलणारी व्यक्ती परकी समजली जाते. ज्वारी उत्तम धान्य आहे, तिच्यात तंतू आहेत, ती मैद्यापेक्षा कितीतरी बरी, याबद्दल वाद नाही. पण एकदा मी परातीत भाकरीसाठी घेतलेले पीठ काट्यावर ठेवले, तर ते ८० ग्रॅम भरले. पोळीच्या एका गोळीला माझ्याकडे ३० ग्रॅम कणीक लागते. त्या हिशेबाने एका पोळीत २० ग्रॅम कर्बोदके येतात, आणि आमच्या एका भाकरीत ५० च्या वर. यजमानांनी मधुमेह झाल्यावर रात्रीच्या दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या धरल्या होत्या. म्हणजे पथ्याच्या नावाखाली त्यांचे रात्रीचे पिष्ट अडीच पटींहून अधिक वाढले होते, आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा का उतरत नाही, याचा आम्ही दोघे विचार करत बसलो होतो. आता ते एकच भाकरी खातात, ती मी ५० ग्रॅम पिठाची थापते, आणि तिच्याबरोबर मटकीची उसळ किंवा पिठले आणि पालेभाजी वाटी न मोजता वाढते. लहान भाकरी थापणे माझ्या हाताला वळायला महिनाभर लागला.

नाचणीच्या सत्त्वाचेही असेच आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवला की सत्त्व तयार होते. आजारातून उठलेल्याला किंवा सहा महिन्यांपुढच्या बाळाला ते पचायला हलके म्हणून देतात, ते अगदी योग्य. मधुमेहीला नेमके तेच नको असते. फडक्यात जो चोथा राहिला त्यात तंतू गेले, आणि गाळून खाली आले ते लवकर पचणारे पिष्ट. आपल्या पुरवणीत मागे एकदा ‘मधुमेहींची सकाळची पेज’ म्हणून हेच सत्त्व सुचवले होते. धान्याचे नाव तेच राहिले तरी दळणे, गाळणे आणि शिजवून लगदा करणे यांनी त्याचा रक्तातला वेग बदलतो.

हा वेग मोजण्याची एक रीत कॅनडातील टोरोंटो विद्यापीठातले डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. तिलाच ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात, आणि आपल्याकडच्या आरोग्यविषयक लेखांत हा शब्द आता मुक्तहस्ते वापरला जातो. ग्लुकोजला १०० धरून इतर पदार्थ त्याच्या तुलनेत रक्तशर्करा किती चढवतात, हे त्यातून कळते. पण ही तुलना करताना प्रत्येक पदार्थ सारखीच, बहुधा ५० ग्रॅम, कर्बोदके मिळतील इतका घेतलेला असतो. ताटात किती पडले, हे इंडेक्सला ठाऊक नसते. कमी इंडेक्सचे धान्य दुप्पट खाल्ले तर हिशेब पुन्हा तिथेच येतो.

मी घरच्या काट्यावर जे पाहिले त्याला देशभरातल्या पाहणीचाही दुजोरा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ या पाहणीने २०२३ मध्ये देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला, तो आपल्या पहिल्या पानावर आला होता. त्याच पाहणीचा आहाराविषयीचा भाग २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आला, त्याला मात्र म्हणावी तशी जागा मिळाली नाही. त्यानुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून पॉलिश केलेल्या धान्याच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा काही भाग काढून तिथे डाळी-कडधान्यांची किंवा दूध-दह्यातली प्रथिने आल्यास धोका कमी असल्याचे दिसले. ही पाहणी मधुमेह होण्याच्या धोक्याविषयी आहे, झालेल्या मधुमेहावरचा तो उपचार नव्हे, हे मी मुद्दाम नमूद करते. पण २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे करताना आपण सगळ्यांनीच (मीही शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण ठोकले होते) बाजरी-नाचणीला जे औषधाचे रूप दिले, ते थोडे आवरते घ्यायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांपर्यंतच धान्यांतून यावेत, असे म्हटले आहे, आणि त्या ४५ टक्क्यांत भरडधान्येही धरलेली आहेत.

आता वाढण्याच्या क्रमाविषयी. आमच्याकडे पंगतीत पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी वाढून झाली, की मध्यभागी भाताची मूद, वर वरण, वर तूप, आणि ‘वदनि कवळ घेता’ म्हणून पहिला घास वरणभाताचा. मग पोळी, मग मसालेभात, आणि शेवटी ताकभात. रिकाम्या पोटात सर्वांत आधी भात पडतो आणि कोशिंबीर डावीकडे शोभेपुरती राहते. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०१५ मध्ये एक छोटा, अवघ्या ११ मधुमेहींवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेच जेवण, तेवढेच जेवण, पण एकदा पाव आणि फळांचा रस आधी दिला, आणि एकदा भाज्या व प्रथिने आधी देऊन पाव-रस पंधरा मिनिटांनी दिला. दुसऱ्या प्रकारात जेवणानंतरची साखर स्पष्टपणे कमी चढली. तंतू आणि प्रथिने आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामे होते, हे त्याचे मुख्य कारण. ते वाचल्यापासून आमच्याकडे आधी कोशिंबीर, मग उसळ-भाजी, मग पोळी, आणि भात असलाच तर शेवटी अर्धी वाटी, असा क्रम आहे. माझ्या सासूबाई असत्या तर हे उलटे पान त्यांना अजिबात पटले नसते. खर्च मात्र एका पैशाचाही वाढलेला नाही.

जेवणानंतरची शतपावली मात्र त्यांना पटली असती. हालचाल करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातले ग्लुकोज ओढून घेतो, त्यामुळे जेवून लगेच दहा-पंधरा मिनिटे चालल्याने साखरेचा चढ कमी होतो. शंभर पावले थोडी कमी पडतात, एवढेच. भात शिजून गार झाला की त्यातले काही पिष्ट न पचणारे होते, हेही खरे आहे, पण तो फरक इतका लहान असतो की त्याच्या भरवशावर फोडणीचा भात पातेलेभर करू नये.

एका गोष्टीचा उल्लेख या विषयावरच्या लेखांतून हमखास राहून जातो, म्हणून ती थोडी ठळकपणे सांगते. कर्बोदके कमी करा, हा सल्ला ग्लिमेपिराइडसारख्या, शरीरातले इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना सरसकट देता येत नाही. ही औषधे ठरावीक जेवण गृहीत धरून दिलेली असतात. ताटातले पिष्ट एकदम निम्मे केले आणि औषध तेवढेच ठेवले, किंवा निर्जळी उपवासाच्या दिवशी नेहमीची गोळी घेतली, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. आमच्या शेजारच्या आजी एका संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघताना देवघरातच कोसळल्या, आणि घरचे त्यांना ‘उपवासाने चक्कर आली’ म्हणून वारा घालत बसले होते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. उपवास करायचाच असेल तर गोळ्यांचे काय करायचे, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि पाककृतीच्या चौकटीत ही एक ओळ छापायला जागा नक्कीच असते.

माझी मागणी छोटी आहे. ‘मधुमेहींसाठी’ असे शीर्षक असलेल्या प्रत्येक पाककृतीखाली ती किती जणांसाठी आहे, आणि एका वाढपात साधारण किती ग्रॅम कर्बोदके येतात, हा एक आकडा द्यावा. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे भारतीय अन्नघटकांचे तक्ते उपलब्ध आहेत, एखाद्या आहारतज्ज्ञाला हा हिशेब करायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. जिन्नसांची मापे वाटीऐवजी ग्रॅममध्ये द्यावीत, कारण माझ्याच मांडणीवरच्या तीन वाट्या पाण्याने मोजल्या, तर १२०, १५० आणि २०० मिलिलिटर भरल्या. ‘एक वाटी साबुदाणा’ म्हणजे नेमका किती, हे कुणाच्या घरात कुठली वाटी आहे यावर ठरत असेल, तर त्या पाककृतीला पथ्याचे नाव देणे बरोबर नाही. साखर नाही, या एकाच निकषावर एखाद्या पदार्थाला मधुमेहींचा म्हणणेही थांबवावे. दुकानातल्या ‘शुगर फ्री’ बिस्किटांच्या पुड्यावर निदान मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कर्बोदकांचा आकडा छापलेला असतो, आपल्या पुरवणीत तोही नसतो.

चातुर्मास चालू आहे. श्रावणी सोमवार, गणपती, नवरात्र असे करत दिवाळीपर्यंत आपल्या पुरवणीत पाककृतींचा ओघ राहील, आणि त्यांतल्या निम्म्या तरी कुणाच्या ना कुणाच्या घरी मधुमेही माणसासाठी कापून ठेवल्या जातील. मी वजन करून लिहून ठेवलेल्या चाळीसेक पदार्थांची वही माझ्याजवळ आहे. आपल्या आहारतज्ज्ञांना तिचा उपयोग होणार असेल, तर तिची प्रत पाठवायला मी तयार आहे. तीत कांदेपोह्यांपासून उकडीच्या मोदकांपर्यंत बरेच काही आहे. पुरणपोळीचे पान तेवढे कोरे आहे, कारण तव्यावरून उतरलेली पोळी काट्यापर्यंत पोचण्याआधीच यजमान पुढे हात करतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सांगली